ॲक्शन कॅमेऱ्यानं सूर्यग्रहण काढता येते का? मागच्या वेळी निस्ता पांढरा गोळा आला

वावरवाला_यवतमाळ

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा येडपटच हाय पण विचारतोच. माह्याजवळ एक छोटा ॲक्शन कॅमेरा हाय, हेल्मेटवर लावतात तसला. चुलतभाऊ पुण्याले नोकरीवर हाय, त्यानं नवा घेतला त जुना मले देऊन टाकला. ट्रॅक्टरवर लाव, बंडीवर लाव, विहिरीत सोड, लय झाक व्हिडिओ येते त्याच्यात.

२०२२ मध्ये दिवाळीत ग्रहण आलतं आठवते का, २५ ऑक्टोबरले, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, पाडवा अन गायगोधन एक दिवस पुढं सरकलं होतं त्याच्यापायी. तवा मी कॅमेरा घेऊन वावरात गेलो. घरचे म्हणे गिराणात बाहेर निघू नको, तरी गेलो. धुऱ्यावरच्या बाभळीले कॅमेरा सुतळीनं बांधला, पश्चिमेकडं तोंड करून, अन सव्वापाचपासून त सूर्य बुडेपर्यंत घेतला व्हिडिओ, मधामधात फोटोही मारले. रात्री लॅपटॉपवर पाहतो त काय, पऱ्हाटी एकदम क्लिअर, फुटलेलं बोंडन बोंड मोजून घ्या, अन सूर्याच्या जागी निस्ता पांढरा फटक गोळा. ग्रहण लागलं होतं का नाई हेच समजत नाई. बायको म्हणे हा त रोजच्यासारखाच बुडला, याच्यासाठी शिव्या खाल्ल्या का.

आता २ ऑगस्ट २०२७ ले पुन्हा हाय म्हणतात. त सांगजा, याच्यात काय चुकलं? फिल्टर लावा लागते का, कोणता, सेटिंग काय ठेवू? का हा कॅमेराच त्या कामाचा नाई? बजेट हजार-दीड हजार, त्याच्यावर एक रुपया नाई, सोयाबीनचा भाव तुमाले माहीतच हाय.

आर्णीचा_पोट्टा

भाऊ काऊन खर्च करता, दवाखान्यातला जुना एक्सरे लावा ना समोर. माह्या बाबानं १९९५ च्या दिवाळीतलं ग्रहण एक्सरेतूनच पाह्यलं होतं, काही नाई झालं त्यायले. नाईतर वेल्डिंगवाल्याचा काच मागून आणा, तोही चालते. आजी त परातीत शेणाचं पाणी करून त्याच्यात पाहे.

कवडसा

एक्सरेवाल्या दादा, कॅमेऱ्याला काय लावायचं ते लाव पण डोळ्याला एक्सरे लावून पाहा असं कोणालाच सांगू नको रे. मी झेडपी शाळेत विज्ञान शिकवते आणि दर ग्रहणाला हेच सांगत बसते. डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखण्याची जाणीवच नसते, म्हणजे जळत असताना काही कळत नाही, काही तासांनी नाही तर दुसऱ्या दिवशी मधोमध डाग दिसायला लागतो. बाबांना काही झालं नाही ते नशीब समज. एक्सरेत जिथे हाड आहे तिथे एक काळेपणा आणि बाजूला दुसरा, त्यातून डोळ्याला दिसणारा उजेड कमी झाल्यासारखा वाटतो पण पाहिजे तेवढा कमी होत नाही, वरून न दिसणारे किरण येतात ते वेगळेच.

परातीतल्या पाण्याचं तर गणितच सांगते. सूर्य डोक्यावर असताना साधं पाणी साधारण दोन टक्के उजेड परत फेकतं, म्हणजे पन्नासातला एक भाग. आणि डोळ्याला चालतो तो साधारण लाखातला एक. आता कर हिशोब. त्यात सूर्य खाली असला की पाणी आणखीच जास्त उजेड फेकतं. शेण कालवा नाहीतर हळद, फरक पडत नाही.

वेल्डिंगचा काच म्हणशील तर १४ नंबरचा चालतो. पण आपल्याकडे गेट-ग्रिलवाल्याकडे असतो तो बहुतेक १०-११ नंबरचा, तो डोळ्याला नको. ग्रहणाचे चष्मे मिळतात त्यावर आयएसओ १२३१२-२ हा सुरक्षिततेच्या मानकाचा नंबर लिहिलेला असतो ते बघून घ्यायचे, खूप महाग नसतात. आणि ओरखडा पडला, टाचणीएवढं भोक पडलं की सरळ फेकून द्यायचा.

कॅमेऱ्याचं स्टुडिओवाले कोणी असतील तर ते नीट सांगतील, मला त्यातलं थोडंच कळतं. पण मला विचाराल तर त्या कॅमेऱ्याचं तोंड सूर्याकडे करूच नका. कसं ते सवडीने लिहिते, आत्ता पेपर तपासायचे आहेत.

लग्नवाला_स्टुडिओ

वाचून हसू आलं कारण आमच्याकडे पण दर ग्रहणाला दोनचार जण मोबाईल घेऊन येतात, भाऊ झूम करून द्या म्हणून. असो. लग्नाचं शूटिंग करतो वीस वर्षं झाली, त्यातला अनुभव सांगतो.

तुमचा कॅमेरा खराब नाही, तो बनवलाच वेगळ्या कामासाठी. त्याचा लेन्स एकदम वाईड. आता साधा हिशोब करा, फोर-केच्या फ्रेमची रुंदी ३८४० पिक्सेल. वाईड मोडमध्ये समजा १२० अंश बसले, म्हणजे एका अंशाला ३२ पिक्सेल. आणि सूर्य आभाळात फक्त अर्धा अंश आहे, आपल्याला मोठा वाटतो पण हात लांब करून करंगळी धरली तर तिच्यामागे आरामात लपतो. (हे चंद्रावर करून बघा, सूर्यावर नको, नाहीतर ताई मला पण रागावतील.) म्हणजे तुमच्या फ्रेममध्ये सूर्य आला १६ पिक्सेलचा. अख्ख्या फ्रेममध्ये १६ पिक्सेल म्हणजे नवरीच्या फोटोत टिकलीवरचा चमकीचा दाणा. लिनिअर किंवा नॅरो मोड, म्हणजे कमी रुंद दाखवणारा, लावला तर वीस-बावीस होतील. त्यापुढे त्या कॅमेऱ्यात जो झूम आहे तो झूम नाहीच, नुसतं कापून मोठं करून दाखवतो.

दुसरी गोष्ट पांढऱ्या गोळ्याची. ऑटोवर होता ना कॅमेरा? त्याने पाहिलं की खाली वावर आहे, काळी माती आहे, हिरवी पऱ्हाटी आहे, अंधारून येऊन राहिलं, म्हणून त्याने उजेड वाढवला. बोंडं मोजता आली ती त्याच्यामुळेच. पण त्या उजेडात सूर्य जळून गेला आणि आजूबाजूला पसरला, १६ पिक्सेलचा सूर्य शंभर-दीडशे पिक्सेलचा गोळा झाला, त्यात चंद्राने सूर्याचा घेतलेला घास कुठे दिसणार. मॅन्युअलला जायचं, आयएसओ (कॅमेऱ्याच्या सेटिंगमधला, म्हणजे उजेड किती वाढवायचा ते) १००, शटर जितका फास्ट जाईल तितका, व्हाईट बॅलन्स म्हणजे रंगाचं सेटिंग ५५०० ला फिक्स. सूर्य बुडता बुडता धुरकट लाल होतो तेव्हा एवढ्यावर पण जमून जातं. वर असला की नाही जमत, तिथे सोलर फिल्टरच लागतो.

आणि कॅमेऱ्यासोबत एनडी फिल्टरचा, म्हणजे उजेड कमी करायच्या काळपट काचांचा सेट मिळतो ना, ८, १६, ३२ लिहिलेला, तो सोलर फिल्टर नव्हे. ३२ म्हणजे उजेड बत्तिसावा हिस्सा. सोलर फिल्टर एक लाखावा हिस्सा करतो. त्याची चंदेरी फिल्म मिळते, तीच ग्रहणाच्या चष्म्यात पण असते, जुना चष्मा कापून रुपयाएवढा तुकडा लेन्सवर काळ्या इन्सुलेशन टेपने चिकटवला की झालं. पण मग सूर्य सोडून बाकी सगळं काळंकुट्ट, ना वावर ना बाभूळ. १६ पिक्सेलची नारंगी टिकली फक्त.

खरा मोठा फोटो पाहिजे तर लांब लेन्स. एक मोघम सूत्र आहे, लेन्सच्या मिलिमीटरला १०९ ने भागा, तेवढा सूर्य सेन्सरवर पडतो. माझ्या ३०० च्या लेन्सवर पावणेतीन मिलिमीटर. तुमच्या कॅमेऱ्याचा लेन्स तीनेक मिलिमीटरचा, मग काढा तुम्हीच. पण लांब लेन्सला पुढून फिल्टर न लावता सूर्याकडे धरलं तर आतलं सामान जळू शकतं, भिंगाने कागद जळतो तसं. तुमच्या छोट्या कॅमेऱ्याला त्यामानाने भीती कमी, त्याच्या लेन्सचं तोंडच एवढंसं, उष्णता गोळा होणार किती.

हां आणि एक काम करा. तो २०२२ चा व्हिडिओ डिलीट नका करू. फोटो आहेत ना? मोठा करून त्यात सूर्याच्या बरोब्बर उलट्या बाजूला बघा, म्हणजे सूर्य वर उजवीकडे असेल तर फ्रेमच्या मध्यातून आरपार जाऊन खाली डावीकडे. तिथे हिरवट नाहीतर निळसर ठिपका दिसतो का सांगा. लेन्सच्या आतल्या आत उजेड आपटून पडतो तो. गोळ्यापेक्षा कितीतरी पट फिका असतो, त्यामुळे जळत नाही.

आर्णीचा_पोट्टा

एवढं गणित शिकोलं असतं शाळेत त मी आज इंजिनियर असतो बे 😂 ताई, चुकलं माह्यं, बाबाले सांगून राहिलो.

गुरुजी_निवृत्त

विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. ११ ऑगस्ट १९९९ कोणाला आठवते काय? त्या दिवशीही आषाढी अमावस्याच होती, जिवतीची अवस. युरोपावरून आलेली सावली इराण, पाकिस्तान करत गुजरातेत भुजकडून शिरली आणि आपल्या विदर्भावरून बंगालच्या उपसागराकडे गेली. खग्रासचा पट्टा आपल्या दारावरून! पुन्हा आपल्या हयातीत असा योग नाही. आणि झालं काय, तर ऑगस्ट महिना, आभाळ गच्च. मी तेव्हा दिग्रसकडच्या एका गावात नोकरीला. शाळेची पोरं पटांगणात उभी, सूर्य कुठे आहे हेच दिसेना. संध्याकाळी सहाच्या सुमारास एकाएकी पश्चिमेकडून अंधार चालत आला, शब्दशः चालत, जसा कोणी कंदिलाची वात खाली करतो तसा. बगळे चिंचेवर उतरले. मिनिटभरात परत उजेड. पोरं ओरडतच होती, एक पोरगा रडलासुद्धा. सूर्य काही दिसला नाही तो नाहीच.

सांगायचं कारण, येणारं ग्रहणही २ ऑगस्टचं. अमावस्याही तीच, जिवतीची. इजिप्तमध्ये लक्सरकडे सहा मिनिटांच्या वर खग्रास राहील म्हणतात, आपल्याकडे मात्र खंडग्रास, तेही थोडं, दुपार कलल्यावर. अंधार वगैरे पडायचा नाही. आणि झड लागलेली असली तर छत्री धरून बसा. तेव्हा वावरवाले भाऊ, फार खर्चात पडू नका असं माझं मत. सुट्टी टाकून कुठे जायचंच असेल तर २० मार्च २०३४ ला काश्मीर-लडाखकडे खग्रास आहे, त्यासाठी पैसे साठवा.

कवडसा

गुरुजी, अंगावर काटा आला वाचून. मी तेव्हा चौथीत होते आणि मला घरात कोंडून ठेवलं होतं 😞

हां तर राहिलेलं लिहिते. वावरवाले भाऊ, तुमच्या गोठ्यावर टीन आहे की कवेलू? दोन्ही चालतं. दुपारी गोठ्यात जाऊन जमिनीवर बघा, टिनाला खिळ्याचं भोक असतं त्यातून उजेडाचे गोल गोल ठिपके पडतात, कवडसे. ते गोल का असतात असं मी दरवर्षी सहावीला विचारते आणि दरवर्षी सगळे म्हणतात भोक गोल आहे म्हणून. मग मी पुठ्ठ्याला तिकोनी भोक पाडून दाखवते, लांब धरलं की तरी कवडसा गोलच. कारण तो भोकाचा आकार नाहीच, तो सूर्याचा फोटो आहे. ग्रहणात सूर्याला घास लागला की गोठ्यातल्या प्रत्येक कवडशाला घास लागतो. कडुनिंबाखाली बघा, पानांच्या फटीफटीतून शेकडो सूर्य जमिनीवर पडलेले असतात, त्या दिवशी सगळे चंद्रकोरीसारखे, नाहीतर कुरतडलेल्या भाकरीसारखे दिसतात. २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी आमच्या शाळेच्या पटांगणात मी स्वैपाकाच्या ताईंचा झारा घेऊन उभी होते, झाऱ्याच्या सावलीत पन्नास-साठ सूर्य, सगळे खाल्लेले. पोरं हातावर घेऊन बघत होती. एकीने तळहातावर पेनाने गिरवून ठेवला तो आकार आणि घरी दाखवायला घेऊन गेली.

हे काढायला ॲक्शन कॅमेरा एक नंबर आहे. त्याला जवळचं, रुंद, खाली-वर कसंही काढता येतं. फिल्टर नाही, काही नाही. त्याचं तोंड जमिनीकडे ठेवायचं.

पण २०२७ ला आपल्याकडे घास लहान आहे, कवडसा बोटाएवढा असला तर त्यात तो घास नीट कळणार नाही. कवडसा मोठा पाहिजे. त्याला पण लग्नवाल्या दादांचंच १०९ चं सूत्र. भोकापासून जमीन एक मीटर तर कवडसा नऊ मिलिमीटर, तीन मीटर तर पावणेतीन सेंटीमीटर. मोठा करायचा तर अंतर वाढवायचं, पण गोठा काय वीस मीटर उंच बांधणार का? म्हणून आरसा. एक लहान आरसा घ्या, टिकलीच्या डबीतला असतो तसला. त्यावर काळा कागद चिकटवा, कागदाला साधारण एक सेंटीमीटरचं भोक. तो बाहेर उन्हात ठेवायचा आणि उजेड अंधाऱ्या खोलीत आतल्या भिंतीवर पाडायचा. दहा मीटरवर नऊ सेंटीमीटरचा सूर्य मिळतो, वीस मीटरवर अठराचा. भोक मोठं केलं तर उजेड वाढतो पण कडा पुसट होते, लहान केलं तर कडा धारदार पण अंधुक. ज्याला जसं जमेल तसं. आत उभं राहून कोणी आरशाकडे बघायचं नाही, एवढी एकच सक्त ताकीद. भिंतीकडे तोंड, आरशाकडे पाठ.

वावरवाला_यवतमाळ

मंडळी!! लग्नवाले भाऊ तुमचे पाय कुठं हायेत!

आत्ताच २०२२ चे फोटो काढले जुन्या हार्डडिस्कमधून. सूर्य वर उजव्या अंगाले होता, त खाली डाव्या अंगाले पऱ्हाटीच्या वरतून एक हिरवा ठिपका. आजपर्यंत वाटे काचेले घाण लागली असन. मोठा केला, मोठा केला, चौकोन चौकोन दिसाले लागले इतका मोठा केला, अन त्याच्यात घास हाय! कोपऱ्यातून तोडलेल्या भाकरीसारखा! उलटा हाय, पण हाय. सगळ्या फोटोत हाय. सव्वापाचच्या फोटोत लहान अन मंग वाढत गेला. तीन-चार वर्षं त्या हार्डडिस्कमध्ये ग्रहण पडून होतं अन मी म्हणतो आलंच नाई.

बायकोले दाखवलं. म्हणे हे काय मुगाची डाळ हाय का. पण मंग पुन्हा मोबाईल मागून घेतला अन माहेरी पाठवला फोटो.

लग्नवाला_स्टुडिओ

म्हटलं होतं ना. लग्नात आम्ही हा ठिपका पुसायचे पैसे घेतो आणि तुम्ही त्याच्यासाठी नाचून राहिले 😄 २०२७ ला मुद्दाम असाच फोटो काढा, सूर्य फ्रेमच्या एका कोपऱ्यात ठेवा म्हणजे ठिपका समोरच्या कोपऱ्यात जाईल, आणि ठिपका पडतो तिथे काहीतरी काळं येऊ द्या, झाडाचं खोड, विहिरीची सावली. उजळ आभाळावर पडला तर दिसत नाही. सूर्याकडे बघायचं ते कॅमेऱ्याने, डोळा स्क्रीनवर.

टाईमलॅप्स पण लावून ठेवा, ढग असले तरी चांगलाच येतो. दहा सेकंदाला एक फोटो, तासाला ३६०, दोन तासाचे ७२०, सेकंदाला तीस फोटोच्या स्पीडने चोवीस सेकंदाची क्लिप. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, तुमच्या वाईड फ्रेममधून दोन तासात बाहेर जात नाही, इथे तो वाईड लेन्स कामाचा. जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी तासाभरात माना टाकते, पॉवरबँक जोडून ठेवा. आणि पावसाचं म्हणून वॉटरप्रूफ डबीत घालाल तर आतून वाफ धरते, बुटाच्या खोक्यात ती पांढऱ्या दाण्याची पुडी येते ना, ती टाकून ठेवा आदल्या रात्री.

आर्णीचा_पोट्टा

मी पण माह्ये २०२२ चे मोबाईलचे फोटो पाह्यले. एकात हाय ठिपका! बाकीच्यात माह्यं बोट आलं.

वावरवाला_यवतमाळ

ताई, आज तुमचा आरसा करून पाह्यला. ग्रहण नसलं तरी सूर्य त हाय ना म्हटलं. पोरीच्या टिकलीच्या डबीचा आरसा, वहीचं काळं कव्हर, भोक पेनाच्या टोपणानं. आरसा काही केल्या उभा राहीना, दगड लावला, वीट लावली, जरासा धक्का लागला का उजेड पार शेजाऱ्याच्या छतावर. शेवटी विहिरीजवळची काळी माती कालवून गोळा केला, पोळ्याले पोट्टे बैल करतात तसा, अन त्याच्यात आरसा खुपसला. मस्त! बोटानं जरासा दाबला का पाहिजे तिकडं जाते.

आंगणातून गोठ्याच्या आतल्या भिंतीपर्यंत टेपनं मोजलं, चौदा मीटर. भिंतीवर गोळा आला साडेबारा-तेरा सेंटीमीटरचा. तुमच्या सूत्रात बसते का पाह्यलं, १४०० भागिले १०९, बारा पॉइंट आठ! बाबा खाटेवर बसून पाहून राहिले होते, म्हणे हा सूर्य व्हय? मी म्हटलं हो. म्हणे मंग हालून काऊन राहिला. अन खरंच, गोळा भिंतीवरून सरकत जाये, दोन मिनिटांत आपल्या जागेवरून पुरा बाजूले. पहिले वाटलं माती खचून राहिली. कॅमेरा तिपाईवर लावला होता, फ्रेमच्या बाहेर गेला गोळा. वासरू उठून त्या गोळ्याले चाटाले गेलं, ते मात्र रेकॉर्ड झालं.

प्रश्न दोन. एक, हे सरकणं थांबवता येते का? अन दोन, माह्या गोठ्याचं दार पूर्वेले हाय. चालन का?

कवडसा

वासराचा व्हिडिओ टाका आधी!

माती नाही खचली भाऊ, पृथ्वी फिरतेय. सूर्य आभाळात स्वतःच्या रुंदीएवढा सरकायला दोन मिनिटं घेतो, तुमचा गोळा पण तेच करतोय. बाबांनी बसल्या बसल्या पृथ्वीचं फिरणं पकडलं, सांगा त्यांना. थांबवता येत नाही आपल्यासारख्यांना, त्याला यंत्र लागतं. एक पोरगं आरशाजवळ बसवायचं, दर मिनिटाला बोट लावायला. दुसऱ्याने भिंतीवरचा गोळा बघून ओरडायचं, वर, खाली, डावीकडे. आमच्याकडे त्यासाठी भांडणं होतात. कॅमेरा वाईड ठेवा म्हणजे गोळा इकडेतिकडे झाला तरी फ्रेममध्येच राहील.

दाराचं मात्र बघा. ग्रहण संध्याकाळकडचं, सूर्य पश्चिमेला. दार पूर्वेला म्हणजे आरसा गोठ्याच्या पूर्वेकडे आंगणात, आणि सूर्य गोठ्याच्या मागे. जोवर सूर्य वर आहे तोवर ठीक, खाली यायला लागला की गोठ्याचीच सावली आंगणात लांब होत येईल आणि आरशावर पडेल. चार मीटर उंचीच्या छताची सावली सूर्य १५ अंशावर आला की जवळजवळ पंधरा मीटर जाते. तुमचा आरसा चौदावर. मग खेळ बंद. उत्तर नाहीतर दक्षिणेला दार असलेली खोली बघा, आणि आरशाच्या पश्चिमेला झाड-घर काही नको. ऑगस्टच्या सुरुवातीला कोणत्याही वर्षी संध्याकाळी पाच-साडेपाचला एकदा तालीम करून घ्या, सूर्य त्याच जागी असतो.

वावरवाला_यवतमाळ

उत्तरेले दार गावात एकच, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपाचं. लांबही हाय, पंचवीस मीटर तरी भरन. पण ग्रहणात देऊळ बंद ठेवतात ना. पुजारीबुवाले विचारलं त माह्याकडं असे पाह्यलं का मीच राहू हाय.

गुरुजी_निवृत्त

२ ऑगस्ट २०२७ हा सोमवार आहे. शाळा भरलेली असेल. तुमच्या गावची शाळा मला माहीत आहे, जुन्या इमारतीच्या टोकाच्या खोलीचं दार उत्तरेला आहे आणि पश्चिमेला नुसतं पटांगण. मुख्याध्यापकांना भेटा. पोरं सुट्टीनंतर थांबतील, त्याची काळजी नको.

वावरवाला_यवतमाळ

हां ना गुरुजी, ते डोक्यातच नाई आलं! त्या खोलीच्या खिडक्याले झडपा नाईत पण, उजेड लय येते. घरी सोयाबीनचा बारदाना पडून हाय चाळीस-पन्नास पोते, ते ठोकतो खिडक्याले. उद्या जाऊन टेप लावून येतो.